गेन उतरवा, मिड चढवा

प्रश्न : माझ्याकडे हंबकर पिकअपची (तारांचं कंपन टिपणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपची) गिटार आणि १५ वॉटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प आहे. जुन्या ब्रिटिश रॉकसारखी ऱ्हिदम हवी आहे. गेन ९, बेस ८, मिड २, ट्रेबल ८ ठेवतो, पण पूर्ण कॉर्ड वाजवला की नुसता गोंगाट होतो. काय चुकतंय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : गेन (सिग्नल वाढवून स्वर फाडणारा नॉब) आणि मिड (मधल्या पट्टीचे स्वर) दोन्ही उलटे लागलेत. तुम्हाला हवा असलेला जुना ब्रिटिश आवाज ज्या ट्यूबवाल्यातून यायचा, त्या मार्शल कंपनीच्या १०० वॉटच्या सुपर लीडला मास्टर व्हॉल्यूमच (एकूण आवाज वेगळा ठरवणारा नॉब) नव्हता. आवाज वाढवत नेला की पॉवर ट्यूबवर (स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या टप्प्यातल्या नळ्यांवर) ताण येऊन स्वर फाटायचा, तोही हाताच्या जोराप्रमाणे: हलक्या हाताला स्वच्छ, जोरकस स्ट्रोकला खरखरीत. तुमच्याकडे ते काम पहिल्या टप्प्याचा, म्हणजे प्रीअ‍ॅम्पचा गेन करतो. तो ९ वर गेला की हाताचा फरक पुसला जातो आणि कॉर्डमधले स्वर एकमेकांत मिसळून नको ते स्वर उमटतात. सर्वांत आधी बिघडतो तो मेजर कॉर्डमधला गंधार. पॉवर कॉर्डमध्ये (फक्त षड्ज आणि पंचम) गंधार नसतो, म्हणून तो कॉर्ड एवढ्या गेनलाही बरा वाटतो.

सुरुवात अशी करा: ब्रिज पिकअप (तारा जिथे टेकतात त्या ब्रिजजवळचा), गिटारचे व्हॉल्यूम-टोन पूर्ण उघडे, गेन ४, बेस ३, मिड ७, ट्रेबल ६. ई मेजर वाजवा आणि सहाही तारा सुट्या ऐकू येईपर्यंत गेन खाली आणा. नंतर गिटारचा व्हॉल्यूम ७ वर घ्या. तिथे स्वर जवळपास स्वच्छ हवा. तो दबका झाला, तर केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वरचे स्वर खाते आहे. केबल ३ मीटरची वापरा. तरी भागलं नाही, तर व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या भागाच्या) इनपुट आणि मधल्या पायात १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर व १५० किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडून घ्या.

बेस ३ घरी पातळ वाटेल. कमी आवाजात कानाला खर्ज कमीच ऐकू येतो, त्यामुळे हात बेसकडे जातो. तो मोह आवरा. बँडमध्ये ती जागा बेस गिटार आणि किक ड्रमची असते. अ‍ॅम्प कोपऱ्यात फरशीवर असेल तर खर्ज फुगतो. तो भिंतीपासून दूर, स्टुलावर कानाच्या दिशेने ठेवा. तारा १०-४६ (जाडी, इंचाच्या हजारांशात) चालतील, फक्त हात मोकळा आणि ठाम पडू द्या.

प्रश्न : गॅदरिंगसाठी चार इनपुटचा जुन्या धाटणीचा ट्यूब अ‍ॅम्प भाड्याने घेतोय. उरलेल्या इनपुटचं काय करायचं?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : गिटार ब्राइट (चढ्या, कडक आवाजाच्या) चॅनेलच्या वरच्या जॅकमध्ये लावा. त्याच चॅनेलच्या खालच्या जॅकमधून नॉर्मल चॅनेलच्या वरच्या जॅकमध्ये छोटी पॅच केबल घाला. ब्राइट ५, नॉर्मल ३ पासून सुरू करा. नॉर्मलने अंग भरतं. कॅबिनेट (स्पीकरचा खोका) जोडल्याशिवाय अ‍ॅम्प चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. दोन्हीकडचे ओहम जुळवा आणि तिथे गिटारची नव्हे, स्पीकरचीच केबल वापरा. हम (घुमणारा गुणगुणाट) येतो म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका.