कॅटकॉन बदलायचा की पोकळ करायचा?

प्रश्न : माझी २०१८ची डिझेल पिकअप आहे, बीएस-४ (प्रदूषणाच्या जुन्या निकषाची). नारायणगावातून वाशीला टोमॅटो नेतो. हल्ली परतीला रिकामी गाडीसुद्धा माळशेज दुसऱ्या गिअरवर चढते, शिवाय काळा धूर मारते. फिटर म्हणतो, कॅटकॉन (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) चोक झालाय. कंपनीचा फार महाग पडतो, बाहेरचा त्याच्या पाव किमतीत मिळतो. नाहीतर आतली जाळी काढून पोकळ डबा परत बसवून देतो म्हणतो, त्याचे पैसेही नकोत. गाडी अजून तीन-चार वर्षं चालवायची आहे. काय करू?
— एक वाचक, ता. जुन्नर

उत्तर : ‘पैसेही नकोत’ वाचून हसू आलं. दादा, त्या जाळीवर प्लॅटिनम-पॅलेडियमचा थर असतो. भंगारात तिला चांगला भाव आहे, त्यामुळे फिटरची मजुरी तिथूनच सुटते.

पण मुळात कॅटकॉन चोक आहे का? चोकमुळे धूर येऊ शकतो, तरी काळ्या धुरासाठी मी आधी दुसरीकडे बघतो. एअर फिल्टर, इंजेक्टर, उघडा अडकलेला ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि टर्बोकडून (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) इंटरकूलरला (ती हवा गार करणारा भाग) जाणारा होज. होजची चीर उभ्या गाडीत दिसत नाही, लोडवर फाकते. हे सगळं ठीक निघालं, की इंजिन गार असताना कॅटकॉनच्या अलीकडच्या, इंजिनाकडच्या फ्लँजचे (पाइपच्या जोडाचे) नट ढिले करा आणि जवळच्या चढावर एक फेरी मारा. कान किटतील, पण गाडी मोकळी ओढायला लागली तर फिटरचं म्हणणं खरं. वायरिंगवर गरम हवा येत नाही ना, तेवढं बघा.

मग डबा उतरवून टॉर्च मारा. जाळी वितळून गोळा झाली असेल किंवा हलवल्यावर तुकडे खुळखुळत असतील, तर तो संपला. तोंडाशी बोट फिरवल्यावर ओली, तेलकट काजळी लागली तर मात्र टर्बोकडे वळा. सील गेलं की इंजिन ऑइल एक्झॉस्टमध्ये उतरतं आणि जाळी बुजवतं. मधेमधे ऑइलचं टॉपअप करावं लागतंय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

पोकळ डब्यावरही पीयूसी निघते, असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. निघेलही. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात, बीएस-४ला मर्यादा १.६२. कॅटकॉनचं खरं काम कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेलं इंधन जाळण्याचं, ते तिथे मोजतच नाहीत. पण आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी असतं. खाली वाकून बघणारा निरीक्षक भेटला की गाडी अडकते, आणि प्रदूषणाच्या कलमाखाली दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो.

तीन-चार वर्षं धंदा करायचा आहे ना, मग कंपनीचाच घ्या. पाव किमतीच्या डब्यात जाळीवर मौल्यवान धातू नावापुरताच असतो. काहींत तर जाळीच नसते, टॉर्च मारली की सरळ आरपार भोक. मात्र टर्बोचं सील गेलेलं निघालं, तर ते काम आधी. ते झाल्यावर पंधरा दिवस रोज सकाळी डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) ऑइल बघा. लेव्हल उतरत नसेल तरच नवा कॅटकॉन चढवा.