मुंबई–लंडन विमानप्रवास : अंतर किती आणि खरे तास किती?

अंतर किती, आणि आईच्या तिकिटावर जाताना साडेपाच तास तर येताना साडेतेरा तास कसे, असं तुम्ही विचारलंय. आधी तासांचं सांगतो, कारण काळजी त्याचीच दिसतेय.

तिकिटावर छापलेली वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. मुंबईहून दुपारी 1 ला निघालेलं विमान लंडनला संध्याकाळी साडेसहाला उतरलं, की वरवर साडेपाच तास दिसतात. पण उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं. ते मिळवले की झाले 10 तास. येताना रात्री 9 ला निघून सकाळी साडेदहाला मुंबई, म्हणजे साडेतेरातून साडेचार वजा करायचे, उरले 9. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात. तिथून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेपाच तासांचा धरा.

मग जाताना एक तास जास्त का? वाऱ्यामुळे. विमान 30 ते 40 हजार फुटांवरून जातं, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो.

अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरलात तर एवढं भरेल. तो दोरा पाकिस्तान, इराण, कॉकेशसचा डोंगराळ भाग, युक्रेन, पोलंड असा जातो. आता हा रस्ता जसाच्या तसा मोकळा नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 मध्ये प्रवासी विमानांना बंद झालं आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना मनाई केली. त्यामुळे भारतीय कंपनीचं विमान अरबी समुद्रावरून वळसा घेऊन जातं आणि वेळ वाढतो. तिकीट काढताना दोन-तीन कंपन्यांचे एकूण तास शेजारी शेजारी ठेवून बघाच. शिवाय लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दी असली की उतरण्याआधी विमान आकाशात घिरट्या घालतं. मोबाईलवर विमानाचा मार्ग बघताना ते गोल फिरताना दिसलं तर घाबरू नका.

पण आई एकटी जाणार असेल तर विमानातल्या तासांपेक्षा घरापासून घरापर्यंतचे तास मोजा. आम्ही आईला साताऱ्याहून पाठवलं, तेव्हा आमच्या दारातून बहिणीच्या दारात पोचायला 22 तास लागले. मुंबईचा रस्ता, तीन तास आधी विमानतळ, तिकडे इमिग्रेशनची, म्हणजे पासपोर्ट-व्हिसा तपासणीची रांग, सामान. व्हीलचेअरचं विचारलं तर म्हणाली, "मी काय आजारी आहे का?" आम्हीही फार आग्रह धरला नाही. हीथ्रोवरची ती लांबलचक चाल आणि पुढची रांग, दोन्ही तिला सुजलेल्या पायांनी उभ्यानं काढावं लागलं. याचं मला अजून वाईट वाटतं. तुम्ही मात्र तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा. त्याचे पैसे पडत नाहीत, आणि मुख्य म्हणजे सोबत माणूस असतो, तो इमिग्रेशन पार करून सामानापर्यंत नेतो. विमानात दर दोन तासांनी उठून चार पावलं चालायला सांगा.

बीपी किंवा साखरेच्या गोळ्या असतील तर त्या हातातल्या पिशवीतच हव्यात. कोणती गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना आधी विचारून कागदावर मराठीत लिहून द्या, भारतातल्या वेळेप्रमाणे. आणि मनगटावरचं घड्याळ तिकडच्या घरी पोचेपर्यंत बदलू नको म्हणावं.