अमेरिकेतल्या फार्मसी कायद्याचा अभ्यास: आधी एवढंच करा

परीक्षेचा अर्ज भरण्याआधी पात्रता तपासा. २००३ किंवा त्यानंतर पदवी घेतलेल्या परदेशी पदवीधरांना एफपीजीईसीसाठी (परदेशी फार्मसी पदवीधरांना अमेरिकेत लागणारं प्रमाणपत्र) पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आपली चार वर्षांची बी.फार्म. तिथे चालत नाही, सहा वर्षांची फार्म.डी. चालते.

सुरुवात १९७० च्या कंट्रोल्ड सबस्टन्सेस अॅक्टपासून करा. गैरवापर होऊ शकणाऱ्या औषधांवरचा हा केंद्राचा कायदा, तो अशा औषधांचे ‘शेड्यूल’ नावाचे गट पाडतो. हे तोंडपाठ हवं:

- शेड्यूल २: रिफिल (त्याच प्रिस्क्रिप्शनवर पुन्हा औषध) नाही. आणीबाणीत फोनवर औषध दिलं, तर डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन ७ दिवसांत यायला हवं.
- शेड्यूल ३ आणि ४: सहा महिन्यांत जास्तीत जास्त ५ रिफिल. सहा महिने लिहिल्या तारखेपासून मोजायचे, औषध दिल्यापासून नव्हे. नवखे हमखास इथेच घसरतात.
- औषधांची चोरी झाली तर डीईएचा (केंद्राची अंमली पदार्थ नियंत्रण संस्था) फॉर्म १०६, शेड्यूल २ मागवायला २२२. यांची अदलाबदल नको.

प्रिस्क्रिप्शनवरचा डॉक्टरचा डीईए नंबर पडताळायला हातानेच शिका. समजा, एबी१२३४५६३. पहिला, तिसरा, पाचवा अंक मिळवा: ९. दुसरा, चौथा, सहावा मिळवून दुप्पट करा: २४. बेरीज ३३, तिचा शेवटचा अंक ३, नंबरचाही ३. जुळलं. अर्थात, जुळलं म्हणजे प्रिस्क्रिप्शन खरं असं नव्हे, बनवणाऱ्यालाही हे गणित येतं!

मग राज्याचा कायदा. केंद्र आणि राज्य, दोन्हींत फरक दिसला की जो कडक, तो पाळायचा. केंद्राला नोंदी दोन वर्षं पुरतात, काही राज्यांना जास्त लागतात. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मित्राच्या नोट्स वापरू नका, आपल्या राज्याच्या बोर्डाचे नियमच वाचा. मेडिकेअर, कंपाउंडिंग वगैरे सध्या बाजूला ठेवा.