कॅले फायनलला नशिबाने पोहोचला नव्हता: फ्रान्सचा चषक, 1999-2000

तुम्ही विचारलंय की, चौथ्या श्रेणीतला, दिवसा नोकरी आणि संध्याकाळी सराव करणाऱ्यांचा कॅले हा संघ 2000 साली फ्रान्सच्या राष्ट्रीय चषकाच्या फायनलपर्यंत गेला, हे निव्वळ नशीब नाही का? आणि कोल्हापूरच्या एखाद्या पेठेच्या संघाला आपल्याकडे असं काही करता येईल का? पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर ठाम 'नाही' आहे. दुसऱ्याचं उत्तर त्यातूनच निघतं, म्हणून आधी कॅलेबद्दल सविस्तर लिहितो.

ही स्पर्धा 1917-18 पासून चालू आहे, म्हणजे पहिलं महायुद्ध चालू असताना सुरू झालेली. तिची खासियत अशी की देशातला जवळजवळ कुठलाही नोंदणीकृत क्लब तिच्यात उतरू शकतो, अगदी गावातला, जिल्हा पातळीवर खेळणारासुद्धा. छोटे क्लब आधी आपापल्या भागात खेळतात. दुसऱ्या श्रेणीतले व्यावसायिक क्लब सातव्या फेरीत येतात आणि पहिल्या श्रेणीतले त्याहून उशिरा, 64 संघ उरले की. सोडतीत मानांकन नसतं, त्यामुळे दोन बलाढ्य संघ लवकर एकमेकांवर पडून त्यातला एक घरी जातो. दोन श्रेणींचं किंवा त्याहून जास्त अंतर असेल तर सामना खालच्या संघाच्या मैदानावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकच सामना. परतीची लढत नाही, बरोबरी झाली म्हणून पुन्हा खेळणं नाही. त्या हंगामात तीस मिनिटं जादा वेळ होता आणि त्यानंतर पेनल्टी. मोठ्या क्लबला आपली चूक पुढच्या आठवड्यात दुरुस्त करायची सोय या स्पर्धेत नाही. 'चमत्कार' म्हणण्याआधी हा आराखडा बघा, कारण दार मुद्दाम उघडं ठेवलेलं आहे.

पण दार उघडं असलं म्हणून कुणी आपोआप आत जात नाही. कॅले हे इंग्लिश खाडीवरचं बंदर. त्यांचे प्रशिक्षक होते लादिस्लास लोझानो आणि कप्तान रेजिनाल्ड बेक. चौथी श्रेणी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर गल्लीतला संघ येतो, आणि तिथेच गफलत होते. त्या श्रेणीत तेव्हा मोठ्या व्यावसायिक क्लबांचे राखीव संघही खेळत, म्हणजे उद्या पहिल्या संघात जायची स्वप्नं बघणारी, अकादमीत वाढलेली पोरं. कॅलेची माणसं हंगामभर अशा पोरांशी झुंजत होती. त्यांना वेग माहीत होता, दबाव माहीत होता. त्यांच्याकडे पगार आणि मोकळा वेळ नव्हता, हाच मुख्य फरक.

सुरुवातीच्या फेऱ्यांवर फार बोलत नाही. समोर आलेल्यांना हरवायचं होतं, ते त्यांनी केलं. त्यातल्या त्यात शेजारच्या डंकर्कला 4-0 ने लोळवलं, ते मात्र लक्षात ठेवण्यासारखं.

खरा खेळ जानेवारी 2000 मध्ये सुरू झाला. समोर लील. वाहिद हलिलहोजिच यांच्या हाताखालचा हा संघ त्या वर्षी दुसऱ्या श्रेणीचा विजेता ठरला आणि वर गेला. म्हणजे कॅलेच्या तावडीत सापडलेला लील हा काही पडता संघ नव्हता, देशातल्या सर्वांत भरात असलेल्या संघांपैकी एक होता. 120 मिनिटांत 1-1, आणि पेनल्टींवर 7-6. पुढे लांगों-कास्ते या दुसऱ्या हौशी संघावर 3-0. मग पुन्हा दुसऱ्या श्रेणीतला कान, पुन्हा 1-1, पुन्हा पेनल्टी, पण या वेळी 4-1.

नशिबाचा मुद्दा मांडणारे इथे बोट ठेवतात: दोनदा पेनल्टीवर सुटले की! मान्य. 7-6 मध्ये नशीब असतंच. पण दोन्ही वेळा दोन तास त्यांनी व्यावसायिक संघाला एका गोलाच्या पुढे जाऊ दिलं नाही, हेही त्याच कागदावर लिहिलेलं आहे. आणि पेनल्टीवर 4-1 हा फरक थंड डोक्याचा असतो, नाणेफेकीचा नसतो. दिवसभर काम करून आलेल्या माणसाने दोन तास धावून झाल्यावर बारा यार्डांवर चेंडू ठेवायचा आणि पाय कापू द्यायचा नाही, याला मी नशीब म्हणणार नाही.

उपांत्यपूर्व फेरीत पहिल्या श्रेणीतला स्ट्रासबूर्ग आला आणि 90 मिनिटांतच 2-1 ने गेला. इथे पेनल्टी लागल्याच नाहीत. माझ्या मते नशिबाचा वाद या सामन्यालाच संपायला हवा होता.

आता 12 एप्रिल 2000, उपांत्य सामना. कॅलेचं स्वतःचं मैदान इतक्या मोठ्या सामन्यासाठी लहान, म्हणून सामना लाँसच्या फेलिक्स-बोलार्त स्टेडियमवर. लाँस त्याच भागातलं, खाणकामगारांचं गाव. तिथे कॅलेला परकं वाटायचं काही कारणच नव्हतं. अख्खा उत्तर फ्रान्स त्या दिवशी त्यांच्यामागे उभा होता. समोर बोर्दो, म्हणजे 1999 चे लीग विजेते. त्याच हंगामात ते चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर युनायटेड आणि व्हॅलेन्सियाच्या गटात खेळले होते. त्यांच्या ताफ्यातले सिल्व्हाँ व्हिल्तोर, जोहान मिकू आणि गोलरक्षक उल्रिक रामे तीन महिन्यांच्या आत फ्रान्सबरोबर युरोपचे विजेते झाले.

90 मिनिटांत एकही गोल नाही. जादा वेळ सुरू झाला तेव्हा कुणीही म्हणेल की आता फिटनेस बोलणार, रोज सराव करणारे जिंकणार. झालं उलटं. 99व्या मिनिटाला सेद्रिक जांदोने कॅलेला पुढे नेलं. 108व्या मिनिटाला लिलियाँ लास्लांदने बरोबरी साधली. चौथ्या श्रेणीचा संघ साधारणपणे इथे मोडतो: एवढं करून आघाडी गेली, पाय गळालेले, समोर राष्ट्रीय विजेते. पाच मिनिटांत, 113व्या मिनिटाला मात्यू मिलियाँने पुन्हा आघाडी मिळवून दिली, आणि 119व्या मिनिटाला मिकाएल जेरारने तिसरा गोल केला. 3-1.

या वीस मिनिटांवर जरा थांबा. एकदा गोल करून बाकी वेळ गोलच्या तोंडाशी गर्दी करून जिंकला असता, तर मीही म्हणालो असतो की सुटले. बरोबरी झाल्यावर हा संघ मागे सरकला नाही, पुढे आला आणि आणखी दोन गोल केले. देशाच्या विजेत्यांवर, जादा वेळेत. माझ्या लेखी पूर्ण मोहिमेचा सर्वांत मोठा पुरावा हाच.

फायनल 7 मे 2000 ला स्ताद द फ्रान्सवर झाली, जिथे दोन वर्षांपूर्वी झिदानच्या फ्रान्सने विश्वचषक जिंकला होता. चौथ्या श्रेणीचा संघ तोवर कधीच या टप्प्याला आला नव्हता. राष्ट्राध्यक्ष जाक शिराक हजर होते. प्रतिस्पर्धी नाँत, म्हणजे आदल्या वर्षीचेच चषकविजेते. तेही सुखात नव्हते. लीगमध्ये खालच्या श्रेणीत घसरण्याची टांगती तलवार डोक्यावर होती. जिंकणाऱ्याला युएफा चषकाचं तिकीट होतं, म्हणजे कॅले जिंकला असता तर पुढच्या हंगामात तो युरोपात खेळला असता!

34व्या मिनिटाला जेरोम द्युतीत्रने गोल केला आणि मध्यंतराला कॅले 1-0 ने पुढे होता. उत्तरार्ध सुरू होताच, 50व्या मिनिटाला, आंत्वान सिबिएर्स्कीने बरोबरी केली. त्यानंतर कॅलेने चाळीस मिनिटं तग धरला. 90व्या मिनिटाला पंचांनी नाँतला पेनल्टी दिली, सिबिएर्स्कीने ती घेतली, 2-1. जादा वेळेच्या उंबरठ्यावर. ज्या संघाने लील, कान आणि बोर्दो या तिघांनाही 90 मिनिटांनंतर गाठून हरवलं होतं, त्याला या वेळी तो जादा वेळ मिळालाच नाही. मला आजही याचं वाईट वाटतं.

चषक घ्यायची वेळ आली तेव्हा नाँतचा कप्तान, गोलरक्षक मिकाएल लांद्रो, अवघा वीस वर्षांचा होता. त्याने रेजिनाल्ड बेकला सोबत बोलावलं आणि दोघांनी मिळून चषक उंचावला. फुटबॉलमध्ये खिलाडूवृत्तीवर भाषणं खूप होतात. इथे वीस वर्षांच्या मुलाने आपल्या क्षणाचा अर्धा वाटा उचलून दिला. ती प्रथा म्हणून उरली असावी, कारण 2018 च्या फायनलमध्ये तिसऱ्या श्रेणीतल्या लेझेर्बिएला हरवल्यावर पॅरिस सेंट-जर्मेनच्या थिएगो सिल्व्हानेही त्यांच्या कप्तानाला असंच बोलावून घेतलं.

आणि कॅले एकटाच नाही. लगेच पुढच्या वर्षी, 2001 मध्ये, तिसऱ्या श्रेणीतला आमियाँ फायनलला गेला आणि फक्त पेनल्टींवर हरला, तोही स्ट्रासबूर्गकडून. 2009 मध्ये दुसऱ्या श्रेणीतल्या गँगाँने चषकच नेला. 2012 मध्ये तिसऱ्या श्रेणीतला केव्हिली फायनलला, 2018 मध्ये लेझेर्बिए. जे इतक्यांदा घडतं त्याला अपघात म्हणता येत नाही.

कॅलेचं पुढे बरं झालं नाही, हेही सांगायला हवं. 2008 मध्ये शहराने मोठं नवं स्टेडियम बांधलं आणि त्याला त्या मोहिमेचीच आठवण म्हणून नाव दिलं. पण पैशाचं गणित कधी जमलंच नाही आणि 2017 मध्ये क्लब दिवाळखोरीत बंद पडला. चषक एका वर्षाची कमाई आणि नाव देतो; क्लब चालवायला दरवर्षीचा हिशोब लागतो.

आता कोल्हापूर. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाच्या सामन्याला जी गर्दी आणि जी ईर्षा असते, ती बघितल्यावर गुणवत्ता किंवा वेड कमी आहे असं कुणी म्हणू नये. नोकरी करणाऱ्यांनी मोठ्यांना हरवायचा इतिहासही आपल्याकडे आहे: 1977 चा पहिलाच फेडरेशन कप बंगळूरच्या आयटीआय या टेलिफोन कारखान्याच्या संघाने मोहन बागानला 1-0 ने हरवून जिंकला होता. अडचण वाटेची आहे. फेडरेशन कप 2017 मध्ये बंद झाला आणि 2018 पासून आलेला सुपर कप वरच्या लीगमधल्या क्लबांभोवतीच फिरतो. कोल्हापुरातल्या पेठेच्या संघाला जिल्ह्यातून राज्यात, राज्यातून देशात आणि तिथून आयएसएल या देशातल्या सर्वोच्च लीगच्या क्लबसमोर, असा बाद फेरीचा सलग रस्ताच नाही. ईशान्येतले, केरळातले, गोव्यातले किती संघ याच कारणाने आपापल्या वेशीत अडकले आहेत.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: आजच्या रचनेत नाही. राज्य संघटनांनी आधी आपापला खुला चषक घ्यावा, त्यातले विजेते राष्ट्रीय फेरीत जावेत, मोठ्या क्लबांनी शेवटच्या टप्प्यात यावं आणि सामना छोट्याच्या गावात व्हावा, एवढं केलं तरी पुरे. खर्च प्रवासाचा आहे आणि तो मोठा आहे, म्हणून पहिल्या फेऱ्या विभागवार ठेवाव्या लागतील, जसं फ्रान्समध्ये करतात.

सामने शोधून बघणार असाल तर फायनलच्या आधी बोर्दोविरुद्धचा जादा वेळ बघा. 108व्या मिनिटाच्या बरोबरीनंतर कॅलेचे खेळाडू मैदानावर कुठे उभे राहतात, तेवढंच नीट बघा.