गाडीमागे ओढून न्यायची शिडाची होडी

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ राहतो. दोघं आणि ९ व १२ वर्षांची मुलं. लेक टेक्सोमावर शनिवार-रविवार काढायला, आत झोपता येईल अशी जुनी शिडाची होडी हवी आहे. ती घराशेजारी ट्रेलरवरच ठेवू. आमची एसयूव्ही ३५०० पौंड ओढते. कॅटलिना २२ आणि मॅकग्रेगर २६एस अशा दोन पाहून आलो. २६ फुटी होडी ओढायला हलकी, असं विकणारा म्हणतो. पटत नाही.

उत्तर : विकणारा खरं सांगतोय. २६एसच्या पोटात पाण्याची टाकी आहे. होडी पाण्यात उतरवली, मागचा व्हॉल्व्ह आणि हवेचं बूच उघडलं, की तिच्यात सुमारे १२०० पौंड पाणी भरतं. परत ट्रेलरवर घेतली की तेच पाणी होडी उतरवायच्या काठच्या उतारावर वाहून जातं. रस्त्यावर ओढायची ती सुमारे १६५० पौंडांची रिकामी होडी आणि ट्रेलर.

मात्र पाण्यातल्या पाण्याला वजन नसतं. होडी कलून टाकी पाण्याबाहेर वर उचलली जाईपर्यंत ती होडीला सावरत नाही. त्यामुळे वाऱ्याच्या पहिल्या झोतात होडी पटकन कलते आणि मग तिथेच सावरते. मुलांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी घाबरतील. टाकी काठोकाठ भरल्याशिवाय शीड चढवू नका. अर्ध्या टाकीत पाणी कलत्या बाजूला धावतं आणि होडीला आणखी कलवतं.

कॅटलिना २२ माझी लाडकी, १३ वर्षं आमच्याकडे आहे. फ्रँक बटलर यांनी आखलेली ही होडी १९६९च्या सुमारास आली आणि १५,०००हून जास्त बांधल्या गेल्या, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. तिची ५५० पौंडांची लोखंडी कील, म्हणजे होडीला सावरणारं तळाखालचं वजनदार पातं, वर घेतली की दोन फूट पाणी पुरतं, खाली सोडली की पाच फूट लागतं. ही होडी शिस्तीत चालते. पण नुसती होडीच २२५० पौंडांच्या आसपास, वर ट्रेलर, मोटर, नांगर, पाणी, तुमचं सामान. ३५००ची मर्यादा सहज ओलांडेल. गाडी बदलणार नसाल तर कॅटलिना नकोच. ओल्या उतारावरून तिला वर खेचताना गाडीची चाकं जागच्या जागी फिरलेली मी पाहिली आहेत.

तरीही कॅटलिनाकडे मन ओढलं, तर आत उतरायची पायरी काढून टॉर्चने आत बघा. कील वर-खाली करणारी केबल ज्या रबरी नळीतून जाते, ती नळी पाण्याच्या पातळीखाली असते. आमची नळी बोटाने दाबली तर भेगा उघडल्या, आतल्या केबलच्या तीन तारा तुटून काट्यांसारख्या बाहेर आल्या होत्या. आदल्याच रविवारी आम्ही मुलीला घेऊन पाण्यावर होतो. दोन्ही त्याच आठवड्यात बदलल्या.

तुमच्या गाडीला २६एस. तीही भरल्या सामानासकट ट्रकच्या वजनकाट्यावर एकदा घाला.

झोपायचं म्हणाल, तर दोन्हींत चौघं मावतात, पण पावसात आत अडकलात की ताठ उभं राहता येत नाही. चहा वाकूनच करायचा.

डोलकाठी उभी करताना आधी वर बघा. ती अॅल्युमिनियमची असते आणि उतारालगत विजेच्या तारा असू शकतात. हे काम आम्हाला पहिल्या वर्षी दीड तास लागायचं, आता ४० मिनिटं. रोज इतका वेळ गेला की माणूस पाण्यावर जाणंच सोडतो. म्हणून पैसे देण्याआधी मालकाला तुमच्यासमोर डोलकाठी चढवायला सांगा आणि किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा.