चौदा मजले कुठल्या बैठकीत ठरले?

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलुंड पूर्वेला आमची जुनी, तीन मजली सोसायटी आहे. शेजारचा बंगला पाडून तिथे 14 मजली टॉवर होतोय. पत्रे ठोकले, फलक लागला, तरी आम्हाला कुणी काही विचारलं नाही. माझी मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिच्या गल्लीत एकाला घरावर मजला चढवायचा होता, तर शेजाऱ्यांना आधी पत्रं आली, काउन्सिलची समिती बसली आणि मुलीला तिथे तीन मिनिटं बोलू दिलं. आमचे नगरसेवक म्हणतात, “काका, परवानगी माझ्या हातात नसते.” हे खरं की टोलवाटोलवी? मुंबईत अशी समिती कुठली आणि तिच्यापुढे आम्ही कसं जायचं?
– एक निवृत्त शिक्षक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : काका, तुमचे नगरसेवक खरं बोलले. मुंबईत एकेका इमारतीच्या परवानगीवर नगरसेवकांची समिती मत देत नाही. आर्किटेक्ट नकाशे ऑनलाइन दाखल करतो. इमारत प्रस्ताव खात्यात दुय्यम अभियंता ते तपासतो, मग सहायक अभियंता, कार्यकारी अभियंता अशी फाइल वर चढते. नियमातून सवलत हवी असेल तर आयुक्तांपर्यंत जाते. आधी आयओडी (नकाशांना अटींसह पहिली मंजुरी), मग जोत्यापर्यंतची सीसी (बांधकाम सुरू करायचा दाखला), जोतं तपासून पुढची सीसी आणि शेवटी ओसी (राहायला जायचा दाखला). माझी उमेदीची वर्षं याच खात्यात गेली, म्हणून सांगते, या साखळीत शेजाऱ्याला बोलावणं कुठेच नाही.

याचं कारण कायद्याच्या घडणीत आहे. इंग्लंडमध्ये 1947 च्या कायद्यापासून बांधायचा हक्कच परवानगीवर अवलंबून आहे. प्रत्येक अर्ज त्याच्या गुणदोषांवर तोलतात, म्हणून शेजाऱ्याचं म्हणणं ऐकावं लागतं. तिथेही बहुतेक सगळे अर्ज अधिकारीच निकाली काढतात. नगरसेवकाने मागून घेतलेले किंवा खूप हरकती आलेले मोजके अर्ज समितीपुढे येतात. ‘माझा देखावा जाईल’, ‘माझ्या घराची किंमत उतरेल’ या हरकती तिथेही धरत नाहीत, आणि परवानगी मिळाली तर शेजाऱ्याला अपील नाही. अपील फक्त अर्जदाराला. आपल्याकडे नियम आधीच छापलेले असतात. सध्या ते विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 मध्ये आहेत. नकाशा त्यात बसला की अभियंत्याला तो सहसा नाकारता येत नाही, आणि मला ते योग्यही वाटतं. एकेका इमारतीवर समिती बसली असती तर मुंबईत काय चाललं असतं, याचा विचार करून पाहा.

पण मग तुमचे 14 मजले ठरले कुठे? माझा सगळा जीव या प्रश्नात आहे. ते आधीच, दुसऱ्या बैठकांमध्ये ठरले, आणि त्या बैठकांच्या आधी हरकतीला जागा होती.

रस्त्याचंच घ्या. बिल्डरला किती एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधायचं) आणि टीडीआर (दुसरीकडून आणलेला बांधायचा हक्क) वापरता येईल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. तुमच्या दारातला रस्ता टेपने मोजलात तर आठ मीटर भरेल, पण नकाशावर तो 13.40 मीटर असू शकतो, कारण तिथे रस्तारेषा आखलेली असते. जो पाडून बांधतो, त्याने त्या रेषेपर्यंतची जागा पालिकेला सोडायची असते. जुन्या इमारती अजून रेषेच्या पुढे उभ्याच असतात, म्हणून तुम्हाला रस्ता अरुंद दिसतो. जुन्या रेषेऐवजी नवी रेषा आखायला महापालिका सभेची मंजुरी लागते आणि त्याआधी दोन्ही बाजूंच्या रहिवाशांच्या सूचना-हरकती घ्याव्या लागतात. वृत्तपत्रातली ती बारीक टाइपातली नोटीस ‘आपला बंगला थोडाच आहे’ म्हणून कुणी वाचत नाही. टॉवरची उंची मात्र तिथून सुरू होते.

दुसरी जागा सुधार समितीची. भूखंडांवरची आरक्षणं, भूसंपादन, पालिकेच्या जमिनींचे मक्ते, विकास आराखड्यातले फेरफार हे विषय तिच्याकडे येतात. मैदानासाठी राखलेल्या जागेच्या मालकाने ठरावीक मुदतीनंतर खरेदी सूचना, म्हणजे ‘जागा विकत घ्या’ अशी नोटीस, बजावली आणि पालिकेने वेळेत पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे मैदान गेलं. त्यामुळे असा प्रस्ताव समितीने मंजूर केला, राखून ठेवला, फेरविचारासाठी परत पाठवला की दफ्तरी दाखल केला, म्हणजे बासनात बांधला, यातल्या प्रत्येक शब्दाला किंमत आहे. प्रस्ताव नुसता ‘राखून ठेवला’ तरी तिकडे मुदत धावतच असते. तुमचे नगरसेवक या समितीत असोत वा नसोत, विषय आपल्या प्रभागातला असेल तर त्यांनी तिथे आवाज उठवायला हवा, आणि तो विषय त्यांच्या कानावर घालणं तुमचं काम आहे. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं या समित्यांचे अधिकार एकटे प्रशासक वापरत होते. विषय मंजूर होत राहिले, त्यावर बोलणारं कुणी नव्हतं. मला त्याचं फार वाईट वाटतं.

आरक्षण बदलायचं तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली नोटीस निघते, महिनाभर हरकती घेतात, आणि अंतिम मंजुरी राज्य शासनाची असते. सगळ्यात मोठी संधी अख्खा आराखडा नव्याने होतो तेव्हाची. 2015 च्या फेब्रुवारीत 2034 पर्यंतचा पहिला मसुदा आला. त्यात इतक्या चुका निघाल्या आणि लोकांनी इतक्या हरकती नोंदवल्या की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो मागे घ्यायला लावावा लागला. 2016 मध्ये सुधारित मसुदा आला. त्यावरच्या हरकती ऐकायला नियोजन समिती नेमली, त्यात स्थायी समितीचे सदस्य होते आणि बाहेरचे जाणकारही. आराखडा 2018 मध्ये मंजूर झाला. तुमच्या मुलीने पाहिली तशी समोर बसून ऐकणारी समिती मुंबईत आहे ती ही, पण ती वीस-वीस वर्षांनी भेटते.

आता टॉवर दारात उभा राहिलाच आहे, तर काय करता येईल ते सांगते. आयओडी, सीसी आणि मंजूर नकाशे पालिकेच्या संकेतस्थळावर शोधा, नाही मिळाले तर माहिती अधिकारात मागा. अर्जात एक कागद नाव घालून मागा : सवलतींचा अहवाल, म्हणजे कन्सेशन रिपोर्ट. त्यात एक तक्ता असतो. डावीकडे चारही बाजू, पुढे आवश्यक मोकळी जागा, प्रस्तावित जागा आणि कमतरतेची टक्केवारी. तुमच्या भिंतीकडची ओळ पाहा. समजा तिथे ‘आवश्यक’ खाली नऊ मीटर आणि ‘प्रस्तावित’ खाली साडेतीन असेल, तर त्या साडेपाच मीटरसाठी बिल्डरने अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, भरून आयुक्तांची सूट घेतली आहे. अशी सूट अडचण दाखवून आणि आरोग्य व सुरक्षिततेला धक्का न लावता द्यायची असते. अडचण कोणती दाखवली, हे त्याच अहवालात लिहिलेलं असतं. ती वस्तुस्थितीला धरून नसेल तर तुमच्या हातात खरा मुद्दा आला.

हरकतीच्या पत्रात राग लिहू नका. ‘आमचा उजेड जाईल, समुद्राकडचा वारा बंद होईल’ यावर खात्याकडून काही होत नाही, हे मला सांगताना जड जातं, पण खरं आहे. लिहा ते मोजता येईल असं : आगीचा बंब कुठून वळणार, पाया खणताना तुमच्या जोत्याला आधार काय दिलाय, पावसाचं पाणी कुठल्या गटारात सोडलंय, नकाशातली हद्द आणि सिटी सर्व्हेच्या नकाशातली हद्द जुळते का. हद्दीचा वाद दिवाणी न्यायालयात जातो, पण चुकीची माहिती देऊन परवानगी मिळवली असं दिसलं, तर ती रद्द होऊ शकते. हे पत्र जोतं पूर्ण व्हायच्या आत गेलं पाहिजे. जोतं तपासून पुढची सीसी मिळाली की दुय्यम अभियंत्याच्या हातातलं बरंचसं बळ जातं. पोच शिक्क्यासकट घ्या आणि सोसायटीच्या ठरावासह द्या.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासासाठी आवारातला जुना रेनट्री तोडायचा आहे. खोडावर कागद चिकटवलाय. आम्ही काही बायका विरोधात आहोत, पण बहुमताने ठराव झालाय. आमचं कोण ऐकणार?
– विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : वृक्ष प्राधिकरण ऐकेल, ऐकायलाच हवं. झाडांच्या बाबतीत 1975 चा वेगळा कायदा आहे आणि इथे सोसायटीचं बहुमत चालत नाही. प्राधिकरणाचे अध्यक्ष आयुक्त असतात, सोबत नगरसेवक आणि वृक्षतज्ज्ञ. खोडावरचा तो कागद म्हणजेच हरकतींची नोटीस. तिच्यावरची मुदत फार थोडी असते, म्हणून आजच फोटो काढा, तारीख दिसेल असा.

हरकत घेतली म्हणजे झाड वाचलंच असं नाही. आरेतल्या मेट्रो कारशेडच्या वेळी हजारो लोकांनी हरकती दिल्या होत्या, तरी ऑगस्ट 2019 मध्ये प्राधिकरणाने 2,646 झाडं तोडण्याचा किंवा हलवण्याचा प्रस्ताव मंजूर केला. पण एका आवारातल्या एका झाडाचं प्रकरण वेगळं असतं. तिथे नकाशा हलवता येतो. आर्किटेक्टचा नकाशा घ्या आणि झाड इमारतीच्या खाली येतंय की पार्किंगच्या रॅम्पच्या वाटेत, ते पाहा. पुष्कळदा ते रॅम्पच्या किंवा कुंपणाच्या वाटेत असतं. मग ‘झाड तोडू नका’ एवढंच न लिहिता ‘रॅम्प दुसऱ्या बाजूने घ्या’ असं लिहा आणि नकाशावर रेघ ओढून दाखवा. झाड 50 वर्षांहून जुनं असेल तर 2021 च्या दुरुस्तीने ते वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडायचंच झालं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. म्हणून वयाचा पुरावा जोडा : सोसायटीच्या जुन्या समारंभाचा, झाड मागे दिसणारा फोटोही चालेल. पत्र वॉर्डातल्या उद्यान खात्यात द्या, एक प्रत राणीच्या बागेतल्या उद्यान अधीक्षकांच्या कार्यालयात, आणि प्रत्यक्ष पाहणीला या अशी मागणी त्यात ठळकपणे करा. पाहणीच्या दिवशी तुम्ही सगळ्याजणी झाडाखाली हजर राहा.