फादरना बोलवा, आणि रडायचं तर रडा

"मी मूळची वसईची, लग्न होऊन म्हापशाला आले. पप्पांना कॅन्सर आहे, बांबोळीच्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलंय. परवा रात्री त्यांनी विचारलं, मेल्यावर खरंच काही असतं का गं? मी चर्चच्या क्वायरमध्ये गाणारी, पण काही सुचेना, उठून किचनमध्ये जाऊन रडले. प्रेयर ग्रुपमधल्या बायका म्हणतात रडू नको, विश्वास ठेव. भाऊ म्हणतो फादरना इतक्यात बोलवू नका, पप्पा धीर सोडतील. मावशी, माझाच विश्वास कच्चा आहे का?"

अगं, कच्चा कसला! त्या बायका मायेपोटीच बोलत असतील, पण बायबलमधलं योहान ११ काढ आणि सगळा अध्याय वाच. लाजरला कबरेत ठेवून चार दिवस झालेत, मार्था येशूला तोंडावर सांगते की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, आणि तो तिच्यावर अजिबात चिडत नाही. थोड्याच वेळात आपण लाजरला बाहेर बोलावणार हे माहीत असून येशू रडला. कितीदा वाचलं तरी माझा जीव इथे गलबलतो. पौलानेही शोकच करू नका असं लिहिलेलं नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका असं लिहिलंय (थेस्सलनीकाकरांना पहिलं पत्र, ४:१३). तेव्हा खुशाल रड.

आता पप्पांचं. त्यांना कॅटेकिझम, म्हणजे धर्माचा पाठ, नकोय गं, तो तर त्यांनीच तुला शिकवला असेल. रात्री झोप न येणारा माणूस असं विचारतो तेव्हा मनात बऱ्याचदा वेगळंच चाललेलं असतं, फार दुखेल का, शेवटी जवळ कोण असेल, कुणाशी अबोला तसाच राहिलाय, असं काहीतरी. म्हणून आज त्यांच्या उशाशी बस आणि विचार, पप्पा कशाची भीती वाटते? मग गप्प राहून ऐक. मलाही भीती वाटते पप्पा, पण आपली परत भेट होणार असं मी मानते, हे तुझ्याच शब्दांत सांग, जेवढं मनापासून मानतेस तेवढंच. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमानीच्या बागेत येशूनेही हा दुःखाचा प्याला टळू दे म्हटलं होतं, त्यामुळे घाबरल्याबद्दल त्यांना अपराधी वाटायला नको.

फादरांच्या बाबतीत मात्र भावाचं ऐकू नकोस. फादर येऊन आजाऱ्याला पवित्र तेल लावतात, तो संस्कार पूर्वी अगदी शेवटच्या घटकेला व्हायचा, म्हणून फादर दारात दिसले की घरातल्यांच्या पोटात गोळा यायचा. पण कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केलं की तो फक्त मरणाच्या दारातल्यांसाठी नाही. आजार वाढला तर तो परतही घेता येतो. पप्पा शुद्धीवर आहेत, बोलतायत, कन्फेशन करू शकतात, कम्युनियन घेऊ शकतात, मग थांबायचं कशासाठी? आधी पप्पांनाच विचार, माझ्या मते ते वाटच बघत असतील.

आणि दुखणं सोसायला लावू नका, प्लीज. सोसलं की पुण्य लागतं म्हणणारं कुणीतरी भेटेलच, तिकडे लक्ष देऊ नकोस, डॉक्टरांकडून वेदनेची औषधं नीट लिहून घे. घरी झेपेनासं झालं तर लोटलीला शांती अवेदना सदन आहे, सिस्टर्स शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या माणसांना सांभाळतात, तिथे चौकशी कर. त्यात पप्पांना टाकलं असं काही होत नाही.

भावाला सांग फोनवर वाद पुरे, तिकीट काढून ये.

– मावशी